वेचणी कोरायला हा लिनो संच पुरतो का?

लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर (लिनोवर) कोरून, शाई लावून कागदावर छापलेलं चित्र. ऑनलाइन मिळणाऱ्या या लिनोकट संचात एक मूठ, पाच पाती, १५ × २० सेंमीचे दोन लिनो, छोटा रोलर आणि पाण्यात विरघळणारी काळी शाई येते. फूलपान कोरायला भागतं. वऱ्हाडातली कापूसवेचणी कोरायची म्हटलं की संचाची परीक्षा होते.

लिनोत कोरलं ते पांढरं, राहिलं ते काळं. त्यामुळे बोंडं सोपी: मोठ्या यू आकाराच्या पात्याने एक टवका उडवला की कापूस फुटला! अडतं ते बोटांपाशी. वाळलेल्या बोंडाची टोकं टोचतात, म्हणून वेचणारीची चिमूट आखडलेली असते. ती साधली नाही तर बाई बागेत फुलं तोडताना वाटते. चिमटीला सर्वांत बारीक व्ही आकाराचं पातं लागतं आणि संचातलं नेमकं तेच कच्चं. पहिल्याच चित्रात बोथट होतं, मग रेघेच्या कडा फाटतात.

साडीवर चढवलेल्या नवऱ्याच्या जुन्या शर्टाच्या घड्या मधल्या यू पात्याने छान येतात. फक्त सरळ ओढू नका. भरलेल्या ओटीचा भार कमरेच्या गाठीला खेचतो, तिकडेच घड्या वळल्या पाहिजेत. जर्मन चित्रकार कॅथे कोलविट्झच्या ‘शेतकरी युद्ध’ मालिकेत (१९०२–०८) लांब दांड्याच्या विळ्याला धार लावणारी बाई आहे. ते धातूच्या पत्र्यावरचं ॲसिडचं काम, पण चेहरा आणि हात सोडून बाकी सगळं काळोखात ठेवायची कोलविट्झची युक्ती लिनोतही चालते.

वेचणीच्या दिवसांत लिनो गारठून कडक होतो आणि पातं सटकतं. दहा मिनिटं उन्हात ठेवा, मऊ होतो. दुसरा हात कायम पात्याच्या मागे. उन्हाळ्यात त्रास उलटा: शाई रोलरवरच सुकते आणि छाप ठिपक्याठिपक्यांचा येतो. ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब घालून सकाळीच छापा. प्रेस नको, स्टीलच्या चमच्याची पाठ गोल गोल घासली तरी पुरते. कागद मात्र पातळ हवा.

छाप उलटा पडतो, हे माहितीपत्रकात कुठेच नाही. वेचणी दोन्ही हातांची, खपून जाते. धानकापणी कोराल तर विळा डाव्या हातात जाईल, तेव्हा चित्र ट्रेसिंग कागदावर काढून पालथं घालूनच उतरवा.

लिनो, रोलर चांगले. संच घ्या, पण बारीक व्ही पातं सोबतच वेगळं मागवा. तालुक्याच्या स्टेशनरीत ते मिळत नाही.