पाणबुडीचा पहिला खेळ कोणता घ्यावा: सायलेंट हंटर, कोल्ड वॉटर्स की यूबोट?

पाणबुडीचे खेळ सुरू करायचेत असं कुणी म्हणालं की गाडी फिरून फिरून तीन नावांपाशी येते. २००५ सालचा सायलेंट हंटर ३, २०१७चा कोल्ड वॉटर्स, आणि २०१९पासून हळूहळू घडत २०२४च्या ऑगस्टमध्ये एकदाचा पूर्ण झालेला यूबोट. तिन्ही मी स्वतःच्या पैशाने घेतले आणि तिन्हींत व्यवस्थित बुडालो. कॉम्प्युटर कसा लागतो, रॅम किती, हे तुम्ही दुकानाच्या पानावर वाचलंच असेल, त्यात शिरत नाही.

मी वेंगुर्ल्याकडचा. आमच्याकडे निवतीच्या समुद्रात पर्यटकांसाठी पाणबुडी येणार, असं बरीच वर्षं ऐकतोय. ती येईपर्यंत घरातली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा माझा मावसभाऊ, जो एरवी ट्रॉलरवर तांडेल असतो, तो जाळ्यांची कामं उरकली की संध्याकाळी येऊन माझ्या मागे बसतो. पुढची निम्मी मतं त्याची आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

सुरुवात मी कोल्ड वॉटर्सने केली. कारण उघड होतं: मला अणुपाणबुडी हवी होती. शाळेत असल्यापासून खुकरी या आपल्या युद्धनौकेची गोष्ट ऐकलेली. ९ डिसेंबर १९७१ला दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने ती बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन मुल्ला जहाज सोडून उतरले नाहीत. पाण्याखालून कोण कुणाला ऐकतं, कसं ऐकतं, हे कुतूहल तिथूनचं. कोल्ड वॉटर्स नेमकं हेच दाखवतो. १९८४ साली शीतयुद्ध पेटलंच असतं तर काय, अशी कल्पना, आणि तुमच्या हाती लॉस एंजेलिस जातीची अमेरिकी अणुपाणबुडी. वरचं कोमट पाणी आणि खालचं गार पाणी यांच्या सीमेवर आवाज वाकतो, त्या थराखाली शिरलं की शत्रूला तुम्ही पुसट ऐकू येता. हे मावसभावाला समजावून सांगावं लागलं नाही.

खेळ चटपटीत आहे. एक लढाई अर्ध्या-पाऊण तासात निकाली निघते. प्रवासाचा कंटाळा जवळजवळ नाही. नोकरी करून रात्री तासभर मिळणाऱ्या माणसाला हाच सोयीचा, हे मान्य.

पण माझं घोडं अडलं ते एका जागी. मी मरायचो आणि का मेलो ते मला कळायचं नाही. मी टॉर्पेडो सोडला की थोड्याच वेळात समोरूनही एक यायचा, माझ्याच टॉर्पेडोच्या दिशेने उलटा सोडलेला. मग धावपळ: डिकॉय, म्हणजे टॉर्पेडोला चकवणारी खोटी वस्तू, टाका, करकचून वळा, थर ओलांडा. वळताना आपल्याच टॉर्पेडोला दिशा देणारी वायर तुटायची. कधी वाचायचो, कधी नाही. वाचलो तेव्हा डिकॉयने वाचलो, की वळल्यामुळे, की त्या टॉर्पेडोने उगाचच भलता रस्ता धरला म्हणून? दहा-बारा लढायांनंतरही मला याचं उत्तर देता येत नव्हतं. टॉर्पेडो स्वतः शोधत येणारा, समोरचा कॅप्टन दिसत नाही, आणि माझ्या हातून नेमकं काय चुकलं ते या दोघांच्या मध्ये कुठेतरी हरवायचं. ज्यांना हे आधीपासून समजतं त्यांना ही तक्रार हास्यास्पद वाटेल. असेलही. पण नवशिक्याने हरल्यावर दुसऱ्या दिवशी काय वेगळं करायचं, एवढं तरी त्याला कळायला हवं ना? माझा निकाल या एका कटकटीने लावला. बाकीच्या दोन्ही खेळांकडे मी मग याच नजरेने बघत गेलो.

यूबोट हा दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचा खेळ. दिसायला तिन्हींत देखणा, यात वाद नाही. लाटांवर पाणबुडी डोलते तेव्हा मावसभाऊ खुर्ची पुढे ओढून घेतो. पाणबुडी उभी कापल्यासारखी दिसते, आत माणसं झोपतात, जेवतात, पंपाशी धावतात. अधिकारी दमतात, शिस्त ढासळते, हवा कोंदते. तुम्ही फक्त कप्तान नाही, मुकादमही आहात. आणि इथे तीच कटकट वेगळ्या रूपात आली. टॉर्पेडो चुकला, तर चूक माझ्या मोजणीची, की ज्याला मोजायला बसवलं तो अधिकारी दमलेला होता त्याची? मला आकडे हवे होते, आणि माझं लक्ष भटारखान्यात कोण आहे याकडे.

मावसभावाला मात्र हाच आवडला. "खलाशांका उपाशी ठेवन बोट चालता काय?" असं म्हणून त्याने माझ्या हातून माउस घेतला, तो अजून पुरता परत आलेला नाही. तेव्हा ज्याला माणसं सांभाळण्यात रस आहे, त्याने माझं पुढचं ऐकलंच पाहिजे असं नाही.

सायलेंट हंटर ३ही त्याच जर्मन पाणबुड्यांचा, पण दिसायला म्हातारा आहे. मुळातला खेळ १०२४ बाय ७६८च्या पडद्यासाठी बांधलेला, आताच्या रुंद पडद्यावर चित्र ताणल्यासारखं दिसतं. माणसांचे चेहरे मेणाचे. अटलांटिकमध्ये दिवसच्या दिवस काही घडत नाही. काळ १०२४ पटीपर्यंत पळवता येतो म्हणून बरं. आणि पाण्याखाली किंवा काफिल्याजवळ असताना सेव्ह करू नये, मोकळ्या समुद्रात वर येऊन करावं, ही जुन्या खेळाडूंची शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा.

एवढं सगळं सोसून मी त्यात का रमलो, ते एका रात्रीमुळे.

टाइप सात पाणबुडी, १९४२ साल, समोर एकटंच लिबर्टी जातीचं मालवाहू जहाज. मोजून देणारा शस्त्र अधिकारी बंद करून पहिल्यांदाच सगळं हाताने करत होतो. पेरिस्कोपची खोली बारा-तेरा मीटर. मावसभावाने ती मनातल्या मनात वावात (एक वाव साधारण सहा फूट) मोजली आणि "सात वावात कसली पाणबुडी?" म्हणून हसला. वेग काढायची रीत सोपी आहे: पेरिस्कोप स्थिर धरायचा, जहाजाचं नाक मधल्या उभ्या रेषेला लागलं की घड्याळ सुरू, शेपूट रेषेतून सुटलं की बंद. जहाजाची लांबी भागिले सेकंद, गुणिले १.९४, की आला नॉटमध्ये वेग. ओळखपुस्तिकेत लांबी सुमारे १३४ मीटर. घड्याळात आले २० सेकंद. म्हणजे १३ नॉट. अंतर हजार मीटर, टॉर्पेडो ३० नॉटचा, सोडला. पासष्टाव्या सेकंदाला काहीच झालं नाही. टॉर्पेडो जहाजाच्या नाकासमोरून, तीसेक मीटर पुढून, निघून गेला.

आणि तेवढ्यात लाइट गेली. पावसात इथे ती जातेच. लॅपटॉपची बॅटरी होती म्हणून खेळ थांबवून ठेवला, मोबाइलच्या उजेडात वही काढली. बाहेर बेडूक, आत पत्र्यावर पाऊस. पुढून गेला म्हणजे मी वेग जास्त धरला, एवढं उघड होतं. किती जास्त? हजार मीटर जायला टॉर्पेडोला ६५ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात एका नॉटची चूक म्हणजे साधारण ३३ मीटर. मी नेम मध्यावर धरला होता. मध्यापासून नाकापर्यंत ६७ मीटर, त्यापुढे आणखी तीसेक. बेरीज शंभर. म्हणजे तीन नॉटची चूक. खरा वेग १० नॉट, आणि १० नॉटने १३४ मीटर सरकायला २६ सेकंद लागायला हवेत. माझे सहा सेकंद कुठे गेले?

ते मावसभावाने सांगितलं. मी घड्याळ नाकाला सुरू केलंच नव्हतं, पुढची डोलकाठी रेषेला लागली तेव्हा केलं होतं. अंधारात नाक नीट दिसलं नाही, काठी दिसली. "मासो खंय आसा तां नको बघू, खंय जातलो तां बघ," हे तो आधीपासून म्हणत होताच, पण ते मी केलं होतं. चुकलं होतं ते मोजायला सुरुवात कुठून करायची, तिथे. लाइट तासाभराने आली. आकडा १० केला, दुसरा टॉर्पेडो सोडला, आणि तो जवळपास मध्यावर लागला.

कोल्ड वॉटर्समध्ये मला हा हिशेब करता आला नव्हता. महायुद्धातला साधा टॉर्पेडो एकदा वळून सरळ लागला की सरळच जातो. पुढून गेला तर वेग जास्त धरला, मागून गेला तर कमी. त्यात कुणाची थकवा-भूक आड येत नाही.

एक अडचण मात्र इथेही आहे. त्या काळचे टॉर्पेडो खरोखरच खराब निघत. अमेरिकेचा मार्क १४ तर १९४३च्या उत्तरार्धापर्यंत बदनाम होता, ठरवल्यापेक्षा खोल जायचा आणि आदळूनही फुटायचा नाही. खेळांत हा दोषही घातलेला आहे. सुरुवातीला तो पर्याय बंद ठेवा, नाहीतर बरोबर मोजूनही धडाका होणार नाही आणि तुम्ही वहीत नसलेली चूक शोधत बसाल. टॉर्पेडोचा चाप चुंबकीय न ठेवता आदळून उडणारा ठेवा, त्याच कारणासाठी.

सायलेंट हंटर ४, म्हणजे २००७चा, पॅसिफिकमधल्या अमेरिकी पाणबुड्यांचा. चित्र स्वच्छ, मोजमापं यार्डात. त्याची २००८ची जोड, यूबोट मिशन्स, तुम्हाला जर्मन पाणबुडी घेऊन थेट हिंदी महासागरात आणते, आणि मला त्याचा मोह होता हे कबूल करतो. १९४३ला जर्मनांनी इकडे धाडलेल्या पाणबुड्यांच्या तुकडीचं नावच मान्सून होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत नेताजी कीलहून यू-१८०मध्ये चढले आणि एप्रिलच्या शेवटी मादागास्करजवळ खवळलेल्या समुद्रात जपानी आय-२९वर गेले. हे डोक्यात घेऊन मी नकाशा ओढत ओढत कोकणकिनाऱ्यापर्यंत आणला होता. पण शिकायला मला मीटर बरे पडले. सव्वातीन मिनिटांत जहाज जितके शंभर मीटर सरकतं तितके नॉट त्याचा वेग, ही नकाशावरची युक्ती एकदा बोटांत बसली की यार्डाकडे वळायला जड जातं. यार्डात तीच युक्ती तीन मिनिटांची आहे, म्हणजे अडतं असं काही नाही, सवय म्हणा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. डेंजरस वॉटर्समध्ये किलो जातीची पाणबुडी चालवता येते, म्हणजे आपल्या सिंधुघोषची बहीण, आणि त्या एका कारणासाठी तो पुढे घ्याच. पहिला म्हणून नको, त्यातली सोनारची, म्हणजे आवाजावरून शोध घेणाऱ्या यंत्राची, पानं बघून माणूस पळून जाईल. वुल्फपॅक चार-पाच मित्र जमवून, एकाच पाणबुडीत वेगवेगळ्या जागी बसून खेळायचा. पावसाळ्यातल्या आमच्या इंटरनेटवर ते मला जमलं नाही. आणि एसटीत वेळ काढायचा असेल तर मोबाइलवरचा क्रॅश डाइव्ह २ वाईट नाही.

सायलेंट हंटर ३ घेतलाच तर मोठ्या पाणबुडीवर लगेच उडी मारू नका. १९३९ साल आणि टाइप दोन घ्या. टॉर्पेडो सोडायच्या तीन नळ्या, पाच टॉर्पेडो, उत्तर समुद्रातली छोटी फेरी. पाचच असल्यामुळे प्रत्येकाचा हिशेब वहीत राहतो. टाइप सातमध्ये चौदा असतात, आणि चौदा असले की माझ्यासारखा माणूस अंदाजपंचे सोडायला लागतो. आधी अकादमीतले धडे, मग एक-दोन फेऱ्या शस्त्र अधिकाऱ्याला मोजू द्या, मग तो बंद. मोठी मोफत मॉड्स, म्हणजे खेळाडूंनीच केलेले बदल, ग्रे वुल्व्ज वगैरे, खेळ अंगवळणी पडल्यावर घाला. ती छान आहेत, पण आधीच घातली तर मूळचं काय आणि चढवलेलं काय ते कळत नाही. शक्य असेल तर जहाजाच्या बाजूशी काटकोनात येऊन थांबा आणि टॉर्पेडो सरळ नाकासमोर सोडा. तसं केलं की अंतर थोडं चुकलं तरी चालून जातं, सांभाळायचा उरतो तो वेग.

वहीला आडव्या रेघा असतील तर बरं. माझ्या वहीत एका पानावर पाच टॉर्पेडो मावतात, शेवटच्या रकान्यात फक्त "पुढून", "मागून" किंवा "लागला". गेल्या आषाढातल्या पानांवर "पुढून"च जास्त आहेत. मावसभाऊ १ ऑगस्टला समुद्रावर गेला, जाताना यूबोटमधल्या त्याच्या खलाशांना वेळेवर जेवायला घालायला सांगून गेला.