आठ महिने फीड रीडर वापरल्यावर: क्वचित लिहिणारे पुन्हा सापडले

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत फोनवर ‘फीडर’ हे आवडीच्या साइटवरचे नवे लेख एका जागी दाखवणारं ॲप घेतलं, त्याला आता आठ महिने झाले. अँड्रॉइडवर चालतं, फुकट आहे, ओपन सोर्स आहे (म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता येतो), खातं उघडायला लागत नाही. आरएसएस, म्हणजे असे लेख मिळवायची ही पद्धत, मला नवीन नव्हती. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर हे असंच साधन बंद झालं, तोवर रोज सकाळी चहाबरोबर तेच उघडायचे. पुढे सगळ्यांसारखी मीही फेसबुकवर रमले आणि आवडीचे ब्लॉग एकेक करून नजरेआड गेले.

ज्यांनी कधी वापरलं नाही त्यांच्यासाठी: साइट आपल्या नव्या लेखांची एक साधी यादी ठेवते, तिला फीड म्हणतात. आपलं ॲप अधूनमधून ती यादी बघून येतं. तुम्हाला काय दाखवायचं हे मध्ये कुणी ठरवत नाही. ताजं ते वर, बस्स.

पहिल्याच आठवड्यात एक चूक केली. तीन वर्तमानपत्रं जोडली आणि रोज शेकडो मथळे यायला लागले. चौथ्या दिवशी तिन्ही काढली. बातम्यांसाठी हे साधन वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. याची खरी किंमत कळते ती चार-सहा महिन्यांतून एकदाच लिहिणाऱ्या माणसांमुळे.

झाडांवर लिहिणारा एक मराठी ब्लॉग मी यादीत घातला होता. पाच महिने त्यावर एक अक्षर नाही. मार्चमध्ये एका सकाळी अचानक वावळावरचा लेख आला. फांद्यांना लगडलेली चपटी, कागदासारखी फळं आणि मधोमध एकच बी. त्या रविवारी आईला घेऊन वेताळ टेकडीवर गेले. वाऱ्याने ती फळं भिरभिरत खाली येत होती. आईने ओंजळभर गोळा केली. म्हणाली, “अगं, लहानपणी आम्ही यातलं बी सोलून खायचो!” फेसबुकवर तो लेख माझ्यापर्यंत आला असता असं मला वाटत नाही.

मंडईहून मेट्रोने भुयारातून जाताना नेट गेलं तरी वाचन थांबत नाही. पूर्ण लेख आधीच उतरवून ठेवायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती जरूर चालू करा. कारण बऱ्याच साइट फीडमध्ये पहिला परिच्छेदच देतात. यूट्यूबच्या चॅनेललाही फीड असतं, त्यामुळे आईची कीर्तनंही इथेच येतात.

त्रासाच्या गोष्टीही आहेत. माझा फोन बॅटरी वाचवायला ॲप मागच्या मागे बंद करायचा, त्यामुळे दोन-दोन दिवस नवीन काही येईना. बॅटरीच्या निर्बंधातून ॲपला सूट दिली तेव्हा सुटलं. एका साइटने पत्ता बदलला आणि फीड मुकाट्याने बंद पडलं. मला ते दोन महिन्यांनी कळलं, तोवर सात लेख हुकले होते. म्हणून आता बरेच दिवस गप्प असलेल्या साइटवर महिन्यातून एकदा स्वतः जाऊन येते.

जोडलेल्या साइटच्या यादीची ओपीएमएल फाइलही (ती दुसऱ्या फोनवरच्या ॲपमध्ये तशीच घेता येते) त्याच दिवशी काढून ठेवते. परवा बहिणीने मागितली म्हणून व्हॉट्सॲपवर धाडली. माझ्या एक्केचाळीस साइट तिच्या फोनवर दोन मिनिटांत आल्या. रात्री तिचा फोन आला, “ताई, तो वावळाचा लेख वाचला. आपल्या शाळेमागे होतं ना गं हे झाड?”