गाडी उभी राहून बॅटरी उतरली: केबल, जम्प स्टार्टर की चार्जर?

सेल्फ मारल्यावर नुसतं टकटकटक होतंय आणि मीटरचे दिवे मिणमिणतायत, म्हणजे बॅटरी उतरली. एकच ‘टक्’ होऊन सगळं गप्प झालं, तर आधी टर्मिनल हाताने हलवून बघा. सैल टर्मिनल किंवा त्यावर साचलेली पांढरी-हिरवी पूडसुद्धा अशीच फसवते. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन धरत नाही, अशी तक्रार असेल तर खालच्या तिन्हींपैकी काहीच विकत घेऊ नका. तिथे इंधन, इमोबिलायझर (किल्ली ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा) किंवा बॉनेटखाली उंदरांनी कुरतडलेली वायर शोधायची.

लहान पेट्रोल गाडीला साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. गाडी बंद असली तरी अलार्म, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि घड्याळ मिळून ३० मिलिअँपिअर खात असतील, तर दिवसाला पाऊण अँपिअर-अवर जातो. तीन आठवड्यांत १५ गेले. बॅटरी दोन-तीन वर्षं जुनी असेल तर एवढ्याने सेल्फ फिरत नाही. बाहेरून बसवलेला ट्रॅकर किंवा पार्किंगमध्येही चालू राहणारा डॅशकॅम असेल, तर तीन आठवडेही लागत नाहीत.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून करंट घेणारी जम्पर केबल सर्वांत स्वस्त, आणि तिला स्वतःला कधी चार्ज करावं लागत नाही. मात्र पाकिटावरचे ‘५०० अँपिअर’, ‘१००० अँपिअर’ हे आकडे मनावर घेऊ नका. जाड रबरात बारीक तार, तीही तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची, असा माल भरपूर मिळतो. सेल्फ मारला की ती गरम होते आणि गाडी काही उठत नाही. तारेची जाडी विचारा. पेट्रोलला १६ चौरस मिलिमीटर, डिझेलला २५. जोडताना लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला. काळा चालू गाडीच्या मायनसला, आणि शेवटचा उतरलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. दुसरी गाडी पाच-दहा मिनिटं चालू ठेवून मगच सेल्फ मारा. काढताना क्रम उलटा. दुसरी गाडी हायब्रिड असेल तर तिच्याकडून करंट घेऊ नका.

केबलची खरी अडचण सोसायटीच्या पार्किंगमध्ये कळते. गाडीचं नाक भिंतीकडे, दोन्ही बाजूंना खांब, केबल अडीच मीटरची. दुसरी गाडी आणायची कुठून आणि उभी करायची कुठे? शिवाय ‘आमच्या गाडीचं काही बिघडणार नाही ना?’ हा शेजाऱ्यांचा प्रश्न असतोच.

लिथियमचा जम्प स्टार्टर, म्हणजे गाडी सुरू करण्यापुरता करंट देणारा छोटा बॅटरी पॅक, हे सगळं टाळतो. चिमटे लावा, हिरवा दिवा आला की सेल्फ मारा, एका वेळी तीन ते पाच सेकंदच. नाही उठली तर अर्धा-एक मिनिट थांबा. बॅटरी अगदीच तळाला गेली असेल तर बरेच पॅक ती ओळखत नाहीत. मग बूस्टचं बटण दाबावं लागतं, आणि त्या वेळी प्लस-मायनस उलट लागल्यास वाचवणारं संरक्षण बहुतेक पॅकमध्ये बंद असतं, म्हणून चिमटे दोनदा तपासा. पॅक दर तीन महिन्यांनी चार्ज करावा लागतो, आणि नेमकं तेच राहून जातं. तो डॅशबोर्डच्या खणातही ठेवू नये. एप्रिल-मेमध्ये नागपूर-अकोल्याला उन्हात बंद उभ्या गाडीतली उष्णता लिथियमला मानवत नाही.

इथवर पॅक सरस वाटतो. माझं मत फिरलं ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळमुळे. केबल काय किंवा पॅक काय, दोन्ही गाडी सुरू करून देतात. बॅटरी रिकामीच राहते. गेलेले १५ अँपिअर-अवर भरून यायला तासन् तास सलग गाडी चालवावी लागते. सिग्नलला थांबत, एसी आणि हेडलाइट लावून केलेल्या वीस मिनिटांच्या फेरीत फारसं काही परत येत नाही. जागेवर दहा मिनिटं इंजिन चालू ठेवण्याने तर त्याहून कमी. मग सकाळी पुन्हा टकटक. आणि १२.४ व्होल्टच्या खाली पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं, ते पुरतं निघत नाही.

म्हणून घरच्या विजेवर चालणारा चार-पाच अँपिअरचा ऑटोमॅटिक चार्जर मला जास्त पटतो. कटकट त्याचीही आहे. पार्किंगमध्ये प्लग नसेल तर दहाचा पाना घेऊन बॅटरी काढायची, आधी मायनस, मग प्लस, आणि सुमारे दहा किलोचं ते धूड उभंच धरून वर न्यायचं. खोली बंद ठेवू नका, बाल्कनी बरी. वर झाकणं असतील तर पाण्याची पातळी बघा, कमी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. स्टार्ट-स्टॉपच्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या) गाडीत एजीएम किंवा ईएफबी प्रकारची खास बॅटरी असते, चार्जरला तो पर्याय हवा. रात्री लावली की सकाळी तयार. परत बसवताना प्लस आधी. नंतर घड्याळ लावावं लागतं, आणि काही गाड्यांत काचेचं ऑटो बटण पुन्हा शिकवावं लागतं. डिकीचं कुलूप फक्त विजेवर उघडत असेल तर पाना डिकीत ठेवून बॅटरी काढू नका!

महिन्यातून दोनदा शहराबाहेर जाणाऱ्यांनी पॅक जरूर घ्यावा, रस्त्यात चार्जर कामाचा नाही. पण गाडी जास्त वेळ खालीच उभी असेल, तर पैसे आधी चार्जरवर घाला असंच मी म्हणेन. पुढच्या वेळी गावी जाताना मायनस टर्मिनल सोडून ठेवलं की चार्जरही क्वचितच लागतो, मात्र तेवढे दिवस अलार्म बंद राहतो हे धरून चाला.

चार्ज झालेली बॅटरी न जोडता रात्रभर ठेवा आणि सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवली तर बसवा. १२.३ पर्यंत घसरली असेल, किंवा सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल, तर जुनी देऊन नवी आणा.