ईशापूरची .३१५ रायफल: घेण्याआधी लाकूड तपासा

थ्री-नॉट-थ्री (.३०३, म्हणजे लष्कराची जुनी ली-एन्फिल्ड रायफल) लष्करी बोअरची, म्हणजे नळीच्या मापाची, त्यामुळे साध्या परवान्यावर मिळत नाही. तोच ली-एन्फिल्डचा बोल्ट (काडतूस आत लोटून नळी मागून बंद करणारा सरकता भाग) हाताखाली हवा असेल, तर ठाणे किंवा नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या परवान्यावर ईशापूर रायफल फॅक्टरीची .३१५ घ्यावी. आमच्या मते या अ‍ॅक्शनला (बोल्ट ज्यात चालतो त्या यंत्रणेला) आजही तोड नाही. बोल्ट पुढे लोटताना शेवटी स्प्रिंग ताणली जाते, म्हणून उघडताना हात अगदी हलका चालतो.

काडतूस ८ मिमीचं, रिमवालं (बुडाशी बाहेर आलेली कड असलेलं), मूळ ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचं. मॅगझिनमध्ये ५ मावतात. भरताना वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या पुढे हवी. मागे राहिली तर ती खालच्या रिमला अडकते आणि बोल्ट मध्येच थांबतो. तिथे जोर लावू नका, मॅगझिन काढून पुन्हा भरा.

जुनी रायफल घेताना बोल्टच्या दांड्यावरचा आणि अ‍ॅक्शनवरचा क्रमांक जुळवा. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवलेला असेल तर काडतुसामागे फट जास्त राहू शकते आणि काडतुसाची पितळी नळी रिमजवळ तुटते. अशी रायफल परवानाधारक गनस्मिथने ही फट गेज लावून पाहिल्याशिवाय झाडूच नये.

खरी दुखरी जागा म्हणजे लाकूड. अ‍ॅक्शनचा धक्का पुढच्या लाकडातल्या दोन खांद्यांवर येतो. लाकूड आकसून ते सैल झाले की धक्का भलत्या जागी बसतो, मागच्या टोकाला चीर जाते आणि गोळ्या निशाण्यावर विखुरतात. खाडीकाठच्या आपल्या हवेत उलटंही होतं: पावसाळ्यात लाकूड फुगून नळीला टेकतं आणि जानेवारीत लावलेली साइट जुलैत चुकते. लाकडाच्या आतल्या खोबणीलाही कच्च्या जवस तेलाचे पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या.

जुन्या घडणीत दस्ता (खांद्याला लावायचं मागचं लाकूड) जोडणाऱ्या लांब स्क्रूचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. आधी पुढचं लाकूड उतरवा. थेट दस्ता फिरवला की ते लाकूड फुटतं, आणि बाजारात तसं दुसरं मिळणं कठीण.

सफाईआधी मॅगझिन काढा, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) रिकामा आहे हे बोटाने चाचपा. मग बोल्ट काढून रॉड चेंबरच्या बाजूनेच घाला. तोंडाकडून घातला तर नळीची कड झिजते. शेवटी तेलाचा पुसट हात, आणि झाडण्यापूर्वी नळी पुन्हा कोरडी. चामड्याच्या केसमध्ये ठेवणं टाळा, ओल धरून ती गंज चढवते.