जुना जर्मन अपराइट की वापरलेला यामाहा?

मुंबई-पुण्यात वापरलेला पियानो शोधणाऱ्यापुढे बहुधा दोनच प्रकार येतात : पारशी किंवा गोवेकर ख्रिस्ती घरांतून निघालेला, शंभरी गाठलेला जर्मन अथवा इंग्लिश अपराइट (उभ्या पेटीचा पियानो), आणि जपानमधून आलेला, १९७०-८० च्या दशकांतला यामाहा यू-१ किंवा त्याच्या तोडीचा कवाई. मी दोन्ही उघडून आणि वाजवून पाहिले व यामाहा घेतला. जुन्या जर्मन वाद्याच्या खर्जात जी ऊब होती ती मात्र यामाहात नाही, हे मान्य करायला हवे.

यामाहाचे वय ठरवणे सोपे आहे. वरचे झाकण उचलले की लोखंडी चौकटीवर अनुक्रमांक दिसतो. तीस लाखांच्या आसपासचा क्रमांक १९८० च्या सुमाराचा. जुन्या पियानोवर पुष्कळदा कारखान्याऐवजी विकणाऱ्या दुकानाचेच नाव असते आणि मग क्रमांकावरून काही कळत नाही. झाकणाआतल्या पदकांच्या चित्रांवर विक्रेते भर देतात, पण १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनाचे पदक असेल तर वाद्य त्याआधीचे नाही, एवढेच सिद्ध होते. त्यापेक्षा तारा पाहाव्यात. त्या एकमेकींवरून तिरप्या न जाता सरळ उभ्या असतील आणि डॅम्पर, म्हणजे तारांचा नाद थांबवणाऱ्या गाद्या, हातोड्यांच्या वर बसवलेले असतील, तर ती जुनाट रचना समजावी; मेणबत्त्यांच्या पितळी दांड्या कितीही देखण्या असल्या तरी मी किंमत फर्निचरचीच धरीन.

माझा निर्णय झाला तो स्वरपट्टीवरून. मला आवडलेला जर्मन पियानो जवळजवळ अर्धा स्वर उतरलेला होता आणि तो ४४० हर्ट्झच्या आजच्या प्रमाण पट्टीवर चढवायला ट्यूनर (स्वर जुळवणारा कारागीर) तयार होईना. तारा ज्यांना गुंडाळलेल्या असतात त्या पिना ज्या लाकडात ठोकलेल्या असतात ते दर पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात आकसून सैल झाले होते. स्वर जुळवायची किल्ली लावताच पीन लोण्यात फिरावी तशी फिरत होती, आणि गंजलेल्या तारा ताण सोसतील याची खात्री नव्हती. खालच्या पट्टीत तो सुरेल लागला असता. पण आमच्या घरात व्हायोलिन शिकणारी मुलगी आहे, आणि तिने प्रत्येक वेळी तारा उतरवून पियानोशी जुळवून घ्यायचे, हे मला पटेना. जाड पिना घालता येतात, लाकूडही बदलता येते. मात्र लाकूड बदलण्याचा खर्च सांगितलेल्या किमतीहून अधिक होता. त्यामुळे यामाहाच्या निम्म्या किमतीतला तो पियानो मला स्वस्त वाटेनासा झाला.

यामाहाच्या हातोड्यांचे फेल्ट (त्यांवरचा दाबलेल्या लोकरीचा थर) मात्र तपासावे. ते घासून नवे भासवलेले असू शकते. एकट्याने वाजवणाऱ्याला आणि दुरुस्तीची तयारी असणाऱ्याला जुना जर्मन कदाचित अधिक आनंद देईल. तो पाहायला ट्यूनरला घेऊन एप्रिल-मे महिन्यात जावे, कारण पावसाळ्यात फुगलेले लाकूड सैल पिनाही घट्ट धरून ठेवते.