कूलरवाल्याच्या शेडमध्ये विमानाची शेपटी

आमचा धंदा पत्र्याच्या कूलरचा. लातूर एमआयडीसीत एक शेड, मी, फिटर बाळू आणि सीझनला आणखी पाच-सहा पोरं. फेब्रुवारी ते मे मान वर करायला फुरसत नसते आणि पावसाळा लागला की माशा मारायच्या. (२०१६ ला मात्र उन्हाळ्यातच माशा मारल्या. मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, प्यायलाच नाही तिथं कूलरमध्ये कोण ओतणार?) अशाच एका रिकाम्या पावसाळ्यात मी विमानाचा रडर मागवला. म्हणजे उभ्या शेपटीचं मागचं हलणारं पान.

अख्खं विमान नव्हे, हे आधीच सांगतो, कारण गावाकडून माणसं बघायला आली आणि हात हलवत परत गेली. अमेरिकेत दोन सीटच्या, पूर्ण पत्र्याच्या छोट्या विमानांचं किट विकणाऱ्या कंपन्या आहेत. त्यातल्या एकीकडं नुसत्या रडरचं किट मिळतं. आधी एवढं करून बघा, जमलं आणि आवडलं तर पुढचं घ्या, असा हिशोब. तिकडच्या नियमानं हौशी माणसानं बांधलेलं विमान म्हणून मान्यता हवी असेल तर निम्म्याहून जास्त काम त्या माणसाच्या हातचं लागतं. म्हणून पत्रे कापून, वाकवून, भोकं पाडून येतात, पण जोडायचे आपणच.

किटपेक्षा भाडं आणि ड्युटी मिळून जास्त पैसे गेले. कागदावर 'विमानाचा भाग' बघून कस्टमच्या एजंटानं मला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा म्हणाला, "काका, विमान ठेवलंय कुठं?" कुरियरवाल्यांनी खोका एका कोपऱ्यावर आपटलेला. नाव लिहीत नाही, सगळे सारखेच. आतल्या एका पत्र्याला घडी पडली होती. कूलरचा पत्रा असता तर बाळूनं रबरी हातोडीनं दोन मिनिटांत सरळ केला असता. तो हातोडी घेऊन आलाही. कंपनीला फोटो पाठवला तर उत्तर आलं की नुसता पोचा असता तर चाललं असतं, घडी चालणार नाही, दुसरा पत्रा पाठवतो. पाठवला, भाडं माझ्याकडून घेऊन. महिना गेला.

मालाबद्दल मात्र बोट ठेवायला जागा नाही. ६०६१-टी६ जातीचं अॅल्युमिनियम, जाडी ०.०१६ इंच, म्हणजे आपलं चार दशांश मिलीमीटर. बाहेरच्या कातडीला एवढा पातळ पत्रा बघून बाळू म्हणाला, "मालक, ह्याच्यापेक्षा आपला कूलर दणकट हाय की." पण आत स्पार (म्हणजे उभा कणा) आणि रिबा (आडव्या फासळ्या) बसल्या, रिव्हेट मारले आणि तेच पान पिळून बघितलं तर हलेना. दोन बोटांवर तोलता येतं आणि पिळवटत नाही, ही गंमत हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

आम्ही आयुष्यभर पॉप रिव्हेटच मारले, त्यामुळं मला वाटलं आठवड्याचं काम. साडेतीन महिने लागले.

पहिली अडचण ड्रिलच्या बिटची. १/८ इंची रिव्हेटला तीस नंबरचं बिट लागतं, म्हणजे ३.२६ मिलीमीटर. गंजगोलाईतली हार्डवेअरची दुकानं पालथी घातली. ३.२ आहे, ३.३ आहे. एक जण म्हणाला, "०.०६ नं काय विमान पडतंय का?" त्याला काय सांगणार. शेवटी पुण्याहून पोरानं आणलं.

दुसरी गोष्ट बर काढण्याची. बर म्हणजे भोक पाडल्यावर काठाला राहणारी खरखरीत धार. कूलरला बर कोण काढतं? भोक पाडलं, रिव्हेट मारला, पुढं चला. इथं प्रत्येक भोकाच्या दोन्ही बाजूंची बर काढायची, पत्रे परत उघडून मधलीसुद्धा. विमानाचा पत्रा सतत थरथरत असतो आणि भोकाच्या काठावर जिथं ओरखडा किंवा बर राहते तिथून चीर सुरू होते. बाळूला मी काम दिलं आणि चहाला गेलो. आलो तर त्यानं मोठं बिट फिरवून चार भोकांना छान वाटीसारखी खळगी केलेली. चार दशांशच्या पत्र्यात खळगी केली म्हणजे भोकच मोठं झालं. ती चार भोकं मोठ्या रिव्हेटची करावी लागली, तेही काठापासून अंतर पुरतंय का मोजून, कारण भोकाच्या मध्यापासून काठापर्यंत रिव्हेटच्या जाडीच्या दुप्पट जागा लागते. चूक त्याची नाही, मी दाखवलं नव्हतं.

पेन्सिलही बंद. शिसपेन्सिलीची रेघ अॅल्युमिनियमला ओल लागली की खाते, म्हणून खुणा मार्करनं.

आता ऑक्टोबरची गोष्ट. सकाळी दोन्ही बाजूंची कातडी स्पारवर चढवून क्लेको लावले. क्लेको म्हणजे स्प्रिंगची छोटी पिन, भोकात घालून पत्रे तात्पुरते धरते. तांब्याच्या रंगाची १/८ ची, चंदेरी ३/३२ ची. (हे आणि त्यांची पक्कड किटमध्ये येत नाही, वेगळं घ्या आणि पन्नासवर भागवू नका.) सकाळी सगळी भोकं समोरासमोर, कातडी तबल्यासारखी ताणलेली. जेवून आलो तर पत्र्याला पोट आलेलं. क्लेको काढले तर टोकाची भोकं सरकलेली. मी घामाघूम. मग बघितलं, शटरमधून येणारं ऊन थेट कातडीवर, आतला स्पार सावलीत. अॅल्युमिनियम एका अंशाला मीटरमागं ०.०२३ मिलीमीटर वाढतं. सव्वा मीटरचा पत्रा वीस अंशांनी जास्त तापला की अर्ध्या मिलीमीटरच्या वर गेलाच. सूचना-पुस्तकात याची एक ओळ नाही, लिहिणारा लातूरच्या ऑक्टोबरमध्ये बसला नसावा. शटर खाली ओढलं, अंधार पडेपर्यंत थांबलो. पोट आपोआप गेलं. रिव्हेट रात्री मारले. रिव्हेट मारायच्या गनचं तोंड आतून खोलगट घासलेलं येतं, त्यामुळं रिव्हेटचं सपाट डोकं दाबताना गोल होतं. ते तोंड आता मी कूलरलाही वापरतो, गिऱ्हाईक विचारतं नवीन मॉडेल का.

पुस्तकावर माझा दुसरा राग म्हणजे मापं इंचात, तीही ५/३२ असली.

पुढचं किट घेणार का, हे सगळे विचारतात. तसल्या विमानाला बहुतेक ८० किंवा १०० हॉर्सपॉवरचं रोटॅक्स इंजिन बसवतात. त्याचा भाव ऐकून बायकोनं चहाचा कप खाली ठेवला. आणि आपल्याकडं बांधलं म्हणून उडवता येत नाही. डीजीसीएकडं (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) नोंदणी, उड्डाणाची परवानगी, चालवणाऱ्याचं लायसन्स. कॅप्टन अमोल यादवांनी मुंबईत चारकोपच्या गच्चीवर विमान उभं केलं, २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी बघितलं, आणि नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं. तो माणूस स्वतः पायलट. मी कूलरवाला.

म्हणून उडवायची हौस अशी भागवली: रडर बिजागऱ्यांवर एका लोखंडी चौकटीत उभा केला, चौकट पिकअपच्या हौद्यात बोल्ट केली आणि रविवारी पहाटे एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर निघालो. बाळू चालवत, मी मागं खाली बसून रडरच्या दांडीला हात लावून. तीसच्या वेगाला बोटानं ढकललं तरी वळत होता. साठला तेवढंच वळवायला मनगट भरून आलं. वेग दुप्पट केला की हवेचा जोर चौपट होतो, हे शाळेत लिहिलं होतं, दंडात पहिल्यांदा आलं. हात सोडला की पान आपोआप मधोमध येऊन उभं राहायचं. मी चार फेऱ्या मारायला लावल्या. पाचवीला वॉचमन आला.

माझ्याकडून किटला पाचात चार गुण. एक गुण पुस्तकाचा कापला. पत्र्याचं काम येतं म्हणून लवकर होईल अशा समजुतीनं किट घेऊ नका, ज्यांना येत नाही ते कदाचित कमी चुका करतील. रडर शेडमध्ये आढ्याला टांगलाय. बघायला यायचं तर जानेवारीच्या आत या, नंतर त्याच्याखाली कूलर रचलेले असतात.