कम्युनिटी रेडिओची वर्षाची फी भारतकोशवरून भरताना : आमचा अनुभव

आमचं तालुक्याच्या गावातलं छोटं कम्युनिटी रेडिओ स्टेशन आहे, संस्थेचं, आणि हिशोब माझ्याकडे असतो. स्पेक्ट्रमची, म्हणजे फ्रिक्वेन्सी वापरायची फी भरायची वेळ आली की ओळखीच्या स्टेशनांतून फोन सुरू होतात, ताई कुठे भरायची, कशी भरायची, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

जुन्या लोकांना आठवत असेल, आधी डीडी काढून दिल्लीला पाठवावा लागायचा आणि तो पोचला का हे कळायला फोनवर फोन. त्या मानाने भारतकोश, म्हणजे केंद्र सरकारचं पैसे भरायचं ऑनलाइन पोर्टल, ही खरंच सुटका आहे. रजिस्ट्रेशन न करताही पैसे भरता येतात, नेटबँकिंग, कार्ड, एनईएफटी सगळं चालतं, आणि पावती डाउनलोड होते. एकट्या या पावतीसाठी मी पोर्टलला चांगले मार्क देईन, कारण ऑडिटरसमोर ठेवायला तेवढा एक कागद पुरतो.

आता लोक अडकतात कुठे ते सांगते. रेडिओ म्हटलं की बरेच जण मंत्रालयाच्या यादीत माहिती आणि प्रसारण शोधतात, कारण परवानगीचा करार, आपण ज्याला गोपा म्हणतो तो, त्यांच्याशीच झालेला असतो. पण फ्रिक्वेन्सी देतं दूरसंचार विभागाचं डब्ल्यूपीसी, त्यामुळे ही फी तिकडे जाते. मंत्रालय चुकलं किंवा पर्पज, म्हणजे पैसे कशासाठी भरतोय ते, भलताच निवडला तर पैसे सरकारकडे जातात खरे पण आपल्या नावावर दिसत नाहीत, आणि मग पत्रव्यवहार. पर्पज, पीएओ (लेखा कार्यालय), डीडीओ (त्या खात्याचा पैशांचे व्यवहार बघणारा अधिकारी) काय निवडायचं हे मागच्या वर्षीच्या पावतीवरून बघा, अंदाजाने टाकू नका.

आम्हाला स्वतःला त्रास झाला तो बँकेत. एनईएफटी निवडलं की पोर्टल एक स्लिप तयार करून देतं, त्यावरचा खाते नंबर त्याच व्यवहारापुरता असतो. आमच्या शाखेत तो टाकताना एक आकडा चुकला, पैसे परत आले, तोवर स्लिपची मुदत संपलेली, मग सगळं पहिल्यापासून. उशीर झाला की लेट फी चढते हे डोक्यात असल्यामुळे ते दोन-तीन दिवस फार वाईट गेले. तेव्हापासून मी नेटबँकिंगनेच भरते, आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबत नाही.

रकमेबद्दल पण बोललं पाहिजे. वर्षाला 19,700 रुपये हा आकडा या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. 2012 मध्ये तो एकदम 91,000 केला होता, देशभरातल्या स्टेशनांनी विरोध केला तेव्हा मागे घेतला. मोठ्या खाजगी एफएमवाल्यांना 19,700 काहीच नाही, पण आमच्यासारख्यांचं बघा, 2024 पासून सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना 74 रुपये झालाय, म्हणजे नुसती ही फी निघायला दहा सेकंदांच्या 267 जाहिराती वाजायला पाहिजेत, आणि तेवढ्या जाहिराती मिळतात कुठे. वर वीजबिल, ट्रान्समीटरची दुरुस्ती, निवेदक मुलींचं मानधन आहेच. त्यामुळे ही रक्कम आम्ही दर महिन्याला थोडी थोडी बाजूला काढतो, दुसऱ्या कुठल्याही खर्चाला हात लावू देत नाही.

पोर्टलला पाचपैकी चार. एक कमी एवढ्यासाठी की ती पैसे भरायची खिडकी आहे, तुमचे किती देणं आहे हे तिथे दिसत नाही, ती रक्कम डब्ल्यूपीसीच्या पत्रावरून आपणच टाकायची. त्यामुळे पत्र आणि लायसन्स नंबर समोर ठेवूनच बसा. पैसे भरल्यावर ट्रान्झॅक्शन रेफरन्स नंबर वहीत लिहा, पावतीची प्रिंट लायसन्सच्या फाईलला लावा आणि एक कॉपी संस्थेच्या ईमेलवर टाका, हिशोब बघणारं माणूस बदललं तरी ती सापडली पाहिजे.